तपासणाऱ्याची सही

डिप्लोमाची कल्पना माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या घरात आता कुणालाही विचाराल तर ते आम्हा दोघी जावांचं नाव घेतील, आणि त्यातही धाकटीचं आधी. जाहिरात मी वाचली होती. बेळगावातल्या एका संस्थेचा वर्षभराचा कोर्स. माल कसा साठवायचा, किती साठवायचा, कुठल्या गाडीने कुठे पाठवायचा हे शिकवणारा. सप्लाय चेन मॅनेजमेंट असं त्याचं भारदस्त नाव. बी.कॉम. होऊन मला आठ वर्षं झाली होती. खानापूर तालुक्यातल्या माहेराहून लग्न होऊन बेळगावजवळच्या कंग्राळीत आले तेव्हा मार्कांचे कागद ट्रंकेत तळाशी ठेवले, वर साड्या ठेवल्या, आणि दोन मुलांचं करता करता वरच्या साड्याच तेवढ्या हलल्या. लहान मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी नवऱ्यापाशी विषय काढला. तो म्हणाला, "बघ की." आमच्याकडे याला होकार म्हणतात.

दुसऱ्या दिवशी माझी जाऊ भांडी विसळता विसळता म्हणाली, "आक्का, मीबी येऊ का तुमच्यासंगं?"

नको कशी म्हणणार? ती निपाणीची, माझ्या दिराची बायको, लग्नाला दोनच वर्षं झालेली. शिक्षण बारावी, तेही कन्नड माध्यमातून. मला वाटलं, येऊ दे, चार दिवसांत कंटाळेल. आणि खरं सांगायचं तर असंही वाटलं, की वर्गात आपल्यापेक्षा कमी शिकलेलं कुणीतरी ओळखीचं असलेलं बरं.

सासूबाईंनी मात्र पहिल्याच दिवशी दोघींना समोर बसवून सांगितलं, "शिका दोघीबी. शिकायला माझी ना न्हाय. पर कामाला एकच जाणार. दोघीबी घराबाहीर पडलासा तर चार म्हशींचं आन पोरांचं कोण बघणार? माझं गुडघं?"

आम्ही दोघींनी मान हलवली. मला तेव्हा काळजीच वाटली नाही. जाणार ती मीच, यात मला शंका नव्हती.

वर्गात आम्ही वीस-बावीस जण होतो. शिकवणारे सर उद्यमबागेतल्या, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या, एका गोदामाचं काम बघायचे आणि आठवड्यातून तीन दिवस आम्हाला शिकवायचे. घरी कन्नड बोलणारा माणूस, पण मराठी चांगलं. बोलता बोलता कधी कन्नडात शिरायचे आणि परत यायचे, ते त्यांचं त्यांना कळतही नसे. धाकटी त्यांच्याबरोबर आत जायची आणि बाहेर यायची. मी दारात उभी. माझं कन्नड भाजी घेण्यापुरतं, फार तर बसमधे सुट्ट्या पैशांवरून भांडण्यापुरतं.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात सरांनी विचारलं, आधी आलेला माल आधी का काढायचा? मी घरून वाचून गेले होते. उठून व्याख्या घडाघडा म्हटली. सर म्हणाले, "बरोबर. पुस्तकात असंच आहे." आणि मग त्यांनी धाकटीकडे बघितलं. ती उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "सर, माझी आई तंबाखूच्या वखारीत होती कामाला. तितं दर गाडीच्या पोत्यांवर येगळ्या रंगाचा खडू मारायचे. ह्या हप्त्याला पिवळा, पुढच्याला निळा. पोती लावतानाच मदी एक माणूस जाईल एवढी बोळ सोडायची, न्हायतर जुनं मागं अडकतंय आन नवंच पुढनं जातंय. बोळ बुजवली की मुकादम लई वरडायचा."

सरांनी खडू खाली ठेवला. फळ्यावर तिच्याकडून ती बोळ काढून घेतली, रंग विचारले, आणि वर्गाला म्हणाले, लिहून घ्या. मी माझ्याच जावेचं बोलणं वहीत लिहून घेतलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आईची वखार, तंबाखूची पोती, असल्या गोष्टी माणूस चारचौघांत सांगत नाही अशी माझी समजूत होती. ही सांगते काय आणि सगळे माना डोलावून ऐकतात काय.

हे वर्गापुरतं राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिने ते घरात आणलं. एका रविवारी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, तांदूळ, जोंधळा, डाळी, चटणी, आणि प्रत्येक डब्यावर कागद चिकटवून कधी भरला ते लिहिलं. जुनं पुढे, नवं मागे. सासूबाईंनी मोठ्या कौतुकाने शेजारणीला बोलावून दाखवलं. "धाकटीनं केलंय सगळं," म्हणाल्या. त्या घरात सात वर्षं मी डबे भरत होते, एकदाही कुणी शेजारीण बघायला आली नव्हती. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना मी डाळीचा नवा डबा उचलून पुढे ठेवला. अशी मी. संध्याकाळी येऊन तिने तो गुमान मागे सरकवला आणि म्हणाली, "पोरांनी हलवलं वाटतं."

तिच्या मनात वाकडं काही यायचंच नाही, हा माझा खरा त्रास होता. ती उद्धट असती, गर्विष्ठ असती, तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. ती मला हिशेबाची गणितं विचारायची. "आक्का, तुमास्नी चांगलं येतंय, जरा सांगा की," म्हणायची. मी सांगायची. सहामाहीत तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले. तिने घरी येऊन सांगितलं, "आक्कांनीच शिकवलं." सगळ्यांनी माझ्याकडेही कौतुकाने बघितलं, आणि ते कौतुक मला अगदी औषधासारखं कडू लागलं.

शेवटचे तीन महिने प्रत्यक्ष कामाचे. वर्गातल्या पोरांना दोन-दोन करून वेगवेगळ्या ठिकाणी पाठवलं. आम्ही दोघी एकाच स्कूटरवरून येतो म्हणून सरांनी आमची जोडी त्यांच्याच गोदामात घेतली. आजूबाजूच्या कारखान्यांचे ओतीव भाग तिथे येऊन पडायचे आणि मागणीप्रमाणे पुढे जायचे. पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, तीन महिन्यांनी दोघींपैकी एकीला इथे कायमचं ठेवून घेईन. घरातून एकीलाच मुभा होती, आता बाहेरही जागा एकच झाली. परत येताना दोघींनी तो विषय काढला नाही. हिंडलग्याकडून येणाऱ्या गाड्या, बाजारातल्या भाज्या, असलं काहीतरी बोलत आलो.

गोदामातला नियम असा. कुठलाही माल निघायचा तर एकीने कागद तयार करायचा, दुसरीने तपासायचा. खाली दोन चौकटी असायच्या. डावीकडे तयार करणाऱ्याची सही, उजवीकडे तपासणाऱ्याची. दोन्ही सह्या असल्याशिवाय गाडीला फाटकातून सोडत नसत. आम्ही दिवसाआड अदलाबदल करायचो. मी तपासायला बसले की अक्षरन् अक्षर तपासायची, तिची चूक सापडावी म्हणून. अडीच महिन्यांत एक वेलांटी चुकलेली सापडली नाही. आणि हमाल, गाडीवाले, फाटकावरचा माणूस, सगळे तिलाच हाका मारायचे, कारण ती त्यांच्याशी कन्नडात हसून बोलायची. जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिला पेरू आणून द्यायचं. त्यातला अर्धा ती मला द्यायची. मी तो खायची आणि जळायची.

मग तो दिवस आला. कागद तिच्याकडे होते, तपासणी माझ्याकडे. सकाळपासून गाड्यांची रांग. त्यात एक छोटी गाडी शिनोळीला जायची होती. आता शिनोळी म्हणजे काय, हे आमच्या भागातल्या माणसाला सांगावं लागत नाही, पण बाहेरच्याला सांगायला हवं. बेळगावातून निघालं की हिंडलगा, सुळगा, उचगावचा फाटा, आणि पुढे अर्ध्या-पाऊण तासात शिनोळी. पण ती महाराष्ट्रात. आमची नणंद तिथेच दिलेली. दही विरजायचं विसरली तरी फोन करते आणि सणावाराला जेवायला इकडे येते. घरात कुणी "शिनोळीला जाऊन येतो" म्हणालं तर ते राज्याबाहेर चाललंय असं आमच्या मनातही येत नाही. बेळगावातल्याच वडगावला जाऊन येतो म्हटल्यासारखंच ते.

ज्या कारखान्याचा माल होता त्याचे कॉम्प्युटरवर दोन पत्ते होते, एक उद्यमबागेतल्या ऑफिसचा, एक शिनोळीच्या कारखान्याचा. धाकटीने पहिला पत्ता निवडला. तिला कुणी विचारलं असतं की शिनोळी कुठल्या राज्यात, तर झोपेतही बरोबर सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही आणि हात सवयीने गेला. म्हणजे कागदावर माल उद्यमबागेतल्या उद्यमबागेत राहणार होता, आणि गाडी हद्द ओलांडून पलीकडे जाणार होती. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाचा कर वेगळा, त्यामुळे असा कागद घेऊन गाडी हद्दीवर सापडली की तपासणीवाले ती बाजूला घेतात. हे आम्हाला सरांनी तीनदा शिकवलं होतं.

मला ते पहिल्या नजरेत दिसलं. अडीच महिने मी ज्याची वाट बघत होते ते समोर आलं होतं. "शिनोळी बघ गं," एवढंच म्हणायचं होतं. मी मिठाची गुळणी धरली. पेन उचललं आणि उजव्या चौकटीत सही केली. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

अकराला गाडी फाटकातून गेली. कुठली गाडी किती वेळात कुठे पोचते हे आम्ही पाठ केलेलं होतं, त्यामुळे मी समोरच्या घड्याळात बघून सांगू शकत होते, आता हिंडलगा. आता सुळगा. आता उचगावचा फाटा. फोन माझ्या हाताशी होता आणि ड्रायव्हरचा नंबर समोरच्या पाटीवर लिहिलेला होता. फाट्यापर्यंत मी त्याला सहज परत बोलावू शकले असते. मग फाटाही गेला असणार. मी पुढचा कागद तपासायला घेतला.

गाडी पकडली. दुपारी फोन आला. धाकटीने कागद काढून बघितला आणि तिच्या तोंडाचा रंगच गेला. सर लगेच गाडीकडे गेले. ड्रायव्हर साठीकडे आलेला माणूस होता, सगळे त्याला मामा म्हणायचे. त्याला गाडी सोडून हलता येईना. तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच रस्त्याच्या कडेला बसून राहिला, आणि त्याला साखरेचा त्रास आहे हे मला तेव्हा कळलं. मी सही करताना धाकटीचा विचार केला होता, माझा केला होता. मामाचा केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सरांनी दोघींना बोलावलं. टेबलावर तो कागद होता.

"हे कुणी तयार केलं?"

"मी, सर," धाकटी म्हणाली. "माझी चूक हाय."

सरांनी उजव्या चौकटीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. "ही सही तुमची?"

"हो."

"बघून केली की न बघता?"

दोनच उत्तरं होती. बघून म्हणावं तर मी दुष्ट, न बघता म्हणावं तर मी बेफिकीर. मी म्हणाले, "न बघता."

तेवढ्यात धाकटी पुढे झाली. "सर, आक्कांस्नी काय बोलू नका. घरची म्हणून त्यांचा माझ्यावर विश्वास हाय. म्हणून त्यांनी बघितलं न्हाय. मीच बघून लिव्हायला पायजे हुतं."

माझा तिच्यावर विश्वास. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

सर शांतपणे म्हणाले, "लिहिणारा चुकणारच, बाई. दिवसात चाळीस कागद लिहिले तर एखादा चुकतो. म्हणून तर दुसरा माणूस ठेवलाय. त्यानेच न बघता सही केली तर मी त्याला कशाला ठेवू?" मग त्यांनी धाकटीला सांगितलं, एक तारखेपासून ये. मला म्हणाले, डिप्लोमा पूर्ण करा, तुम्ही हुशार आहात. एरवी कुणी हुशार म्हटलं असतं तर मी दिवसभर ते मनात घोळवत बसले असते.

घरी आल्यावर धाकटीने सगळ्यांसमोर जाहीर केलं की ती कामाला जाणार नाही. "चूक मी केली आन शिक्षा आक्कांस्नी झाली. मी सरांस्नी हात जोडून सांगते, त्यास्नीच घ्या म्हणून. शिकायचं आदी आक्कांनीच काढलंतं." सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दीर बायकोकडे असा बघत होता की मला तिथून उठून जावंसं वाटलं. माझा नवरा मला म्हणाला, "नशीबवान हाईस, अशी जाऊ मिळाली."

मला जे पाहिजे होतं ते माझ्या हातात आलं होतं. आणखी एकदा गप्प बसायचं, एवढंच काम होतं, आणि ते मला चांगलं जमतं हे मी दाखवून दिलं होतं. पण ते मला जमेना. माझा जीव पापाने तळमळत होता असं कुणी समजू नये. मला हे सहन होत नव्हतं, की नोकरीही तिचीच आणि ती सोडून देण्याचा मोठेपणाही तिचाच. मी रोज सकाळी डबा घेऊन निघणार आणि गावातली प्रत्येक बाई म्हणणार, बघा, धाकटीनं दिलेली नोकरी. तिच्या चांगुलपणावर जगण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं. मी खरं बोलले तेसुद्धा हेव्यापोटीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोठ्यात धार काढत होती. मी आत गेले आणि म्हणाले, "मी बघितलं होतं गं."

"काय?"

"तो पत्ता. मला दिसला होता."

तिचे हात चालूच राहिले. तिने विचारलं, "सही करायच्या आदी का मागनं?"

"आधी."

"गाडी भाईर पडायच्या आदी?"

"हो."

"मग मामा दोन दिवस तितं बसलं ते..." तिने चरवी बाजूला ठेवली, म्हशीच्या पाठीवर हात फिरवला आणि उठली. मला वाटलं आता ती रडेल, किंवा ओरडेल, किंवा सासूबाईंना हाक मारेल. मी त्या सगळ्याची तयारी करून गेले होते. तिने माझ्याकडे नीट बघितलं. लग्न होऊन ती आमच्या घरात आली त्यानंतर पहिल्यांदाच इतका वेळ बघितलं असेल.

"मग मी जाते कामाला," ती म्हणाली.

बस, एवढंच. घरात तिने कुणाला काही सांगितलं नाही. आक्कांनीच जा म्हणून आग्रह केला, असं सासूबाईंना सांगितलं, आणि सासूबाईंनी माझी पाठ थोपटली. एक तारखेला ती गेली.

याला आता वर्ष होऊन गेलं. डिप्लोमा मला मिळाला. नवऱ्याने आम्हा दोघींची सर्टिफिकेटं बैठकीच्या खोलीत शेजारी शेजारी लावली आहेत. म्हशी, पोरं, सासूबाईंचे गुडघे, सगळं माझ्याकडे आहे. संध्याकाळी ती आली की मी चहा करते आणि विचारते, आज किती गाड्या गेल्या, कुठे गेल्या. ती सांगते. काहीही लपवत नाही, आवाज चढवत नाही, आक्का म्हणायचं सोडत नाही. मागच्या महिन्यात तिच्या हाताखाली दोन नवीन माणसं दिली. ते ऐकून माझ्या पोटात नेहमीच्या ठिकाणी दुखलं. "बरं झालं गं," मी म्हणाले. तिने कप खाली ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला तिचा हेवा वाटतो, पूर्वीइतकाच. फरक एवढाच, की आता ते तिला ठाऊक आहे.